भकास जागेतली चांदी: अमेरिकेत मेटल डिटेक्टरने जुनी नाणी शोधणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

अमेरिकेतल्या मराठी मंडळींकडून हे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. उत्तरं तिथल्या जमिनीची, कायद्याची आणि नाण्यांची आहेत. भारताबद्दलचा प्रश्न क्रमांक १५ आहे. गावी डिटेक्टर नेण्याचा विचार असेल तर आधी तो वाचा.

१. सगळे १९६४, १९६४ करतात. त्या सालाचं एवढं काय?

१९६४ पर्यंतच्या डाइम (दहा सेंट), क्वार्टर (पंचवीस सेंट) आणि हाफ डॉलरमध्ये ९० टक्के चांदी आणि १० टक्के तांबं असे. १९६५ च्या नाणे कायद्याने डाइम-क्वार्टरमधली चांदी पूर्ण गेली. हाफ डॉलरमध्ये ती ४० टक्क्यांवर आली आणि १९७० नंतर चालू नाण्यातून तीही गेली. वजनाने फरक लगेच कळतो: चांदीची डाइम २.५ ग्रॅम, आताची २.२७, चांदीचा क्वार्टर ६.२५, आताचा ५.६७. काटा जवळ नसेल तर नाण्याची कड पाहा. नव्या नाण्याच्या कडेला तांब्याची लालसर रेघ दिसते, चांदीची कड सगळी पांढरी असते.

नेहमी सापडणारी नाणी अशी: बार्बर डाइम व क्वार्टर (१८९२ ते १९१६), मर्क्युरी डाइम (१९१६ ते १९४५), रूझवेल्ट डाइम (चांदीची १९४६ ते १९६४), स्टँडिंग लिबर्टी क्वार्टर (१९१६ ते १९३०), वॉशिंग्टन क्वार्टर (चांदीचा १९३२ ते १९६४). पाच सेंटचं निकेल यात धरत नाहीत. त्याला एकच अपवाद आहे, तो प्रश्न ९ मध्ये.

२. गावात शंभर वर्षांची सुंदर बाग असताना रस्त्याकडेची भकास पट्टी का धुंडाळायची?

कारण त्या सुंदर बागेत १९७० च्या दशकापासून प्रत्येक डिटेक्टरवाला जाऊन आला आहे. सोपी, स्वच्छ आवाज देणारी चांदी केव्हाच निघाली. उरली ती फार खोल किंवा खिळ्यांच्या आड दडलेली. जिथे बाटल्यांची झाकणं, कॅनचे तुकडे आणि गंजके खिळे पसरलेत तिथून लोक दहा मिनिटांत कंटाळून निघून जातात.

म्हणून जागा पाहताना आम्ही कचरा मोजतो. पेयांच्या कॅनची जुनी, सुटी होणारी कडी (अंगठीसारखी, शेपटी असलेली) १९६०-७० च्या दशकांतली आहे. एखाद्या तुकड्यावर अशा कड्या खच्चून असतील तर दोन गोष्टी कळतात: त्या काळात तिथे माणसं बसत-उठत होती, आणि नंतर कोणी जमीन साफ केलेली नाही. एकही कडी न निघणारी ‘स्वच्छ’ जुनी बाग म्हणजे बहुधा कोणीतरी आधीच चाळून गेलेली बाग.

३. नेमक्या कुठल्या जागा? यादीच द्या ना.

फुटपाथ आणि रस्ता यांच्यामधली गवताची पट्टी आमच्या मते पहिली. लोक गाडीतून उतरताना, खिशातून किल्ली काढताना, पेपरवाल्या पोराला पैसे देताना सुट्टे इथेच पाडत. वरून ती कोणाचीच वाटत नाही, त्यामुळे तिच्याकडे कोणी बघत नाही.

दुसरी जागा म्हणजे मागच्या अंगणातल्या कपडे वाळत घालायच्या दोरीखालची जमीन. इंग्रजी टी आकाराचे दोन लोखंडी खांब दिसले, किंवा खांब कापून नुसते काँक्रीटचे खुंट उरले असले, तर दोन खुंटांमधली सरळ रेषा धरा आणि दोन्ही बाजूंना दीड-दोन मीटर शोधा. पँट उलटी टांगली की खिशातलं नाणं खाली, एवढं साधं गणित आहे. खांबाला खेटून मात्र मशीन चालणार नाही, लोखंडाचा आवाज सगळं गिळतो.

मग बर्फात मुलं घसरगुंडी खेळत तो उतार (विशेषतः पायथा), पाडलेल्या शाळेचा रिकामा प्लॉट, जुन्या चर्चच्या गाड्या लावायच्या जागेची कड, बसस्टॉपमागची झुडपं, आणि मोठ्या झाडाची मुळं जिथे वर आली आहेत तो भाग. मुळांच्या बेचक्यात नाणं अडकून राहतं, फार खाली जात नाही.

४. जागा १९६५ च्या आधीपासून वापरात होती हे घरबसल्या कसं कळेल?

तीन गोष्टी पुरतात आणि तिन्ही फुकट आहेत. काउंटीच्या मालमत्ता कर विभागाच्या संकेतस्थळावर घर बांधल्याचं साल मिळतं. ते डोळे झाकून धरू नका, माहिती नसली की काही ठिकाणी सरसकट १९०० लिहून टाकतात. दुसरं, लायब्ररी ऑफ काँग्रेसने स्कॅन केलेले सॅनबॉर्न विमा नकाशे. आगविम्यासाठी काढलेल्या या नकाशांत एकेक इमारत दाखवलेली असते, लाकडी घर पिवळं, विटांचं गुलाबी. आज रिकामा दिसणारा प्लॉट १९१० च्या नकाशात वाण्याचं दुकान निघू शकतो. तिसरं, यूएसजीएस या केंद्रीय भूसर्वेक्षण खात्याचे जुने भूपृष्ठ नकाशे. त्यांत गावाबाहेरची घरं आणि शाळा छोट्या काळ्या चौकोनांनी दाखवतात. जुना आणि आजचा नकाशा शेजारी ठेवा. जुन्यात चौकोन आहे आणि आज तिथे काही नाही, अशी जागा आधी पाहा.

५. आमचं घर १९९८ चं, नव्या वसाहतीतलं. परसात काही मिळेल का?

बहुधा नाही. न्यू जर्सीसारख्या राज्यात अशा वसाहती शेतांवर उभ्या राहिल्या. बांधकामाआधी वरची माती खरवडून ढिगाला लावतात, थोडी परत पसरतात, बाकीची जाते. शेतात पडलेलं नाणं त्या मातीबरोबरच हलतं. वसाहतीच्या कडेला जुन्या झाडांची रांग किंवा दगडी बांध तसाच उभा असेल तर तिथली माती हललेली नसते. ती जागा बहुतेक वेळा गृहसंस्थेच्या सामायिक मालकीची असते, तेव्हा लेखी परवानगी त्यांची घ्या.

६. परवानगी कोणाकोणाची लागते? पट्टी तर सरकारी ना?

राष्ट्रीय उद्यान: पूर्ण बंदी. नुसता वापर नव्हे, डिटेक्टर जवळ बाळगणंही गुन्हा आहे. इतर केंद्र सरकारी जमिनीवर १९७९ चा पुरातत्त्व संसाधन संरक्षण कायदा लागतो आणि शंभर वर्षांवरच्या वस्तूंना हात लावता येत नाही. राज्य उद्यानांचे नियम राज्यागणिक वेगळे. गावाच्या बागेसाठी पालिकेच्या उद्यान विभागात विचारा, काही ठिकाणी वार्षिक परवाना मिळतो. शाळेच्या मैदानासाठी शिपायाचं ‘चालेल हो’ पुरत नाही, शाळा-जिल्ह्याचं (त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेचं) कार्यालय गाठा.

रस्त्याकडेची पट्टी हा चकवा आहे. हक्क साधारणपणे गावाचा असतो आणि गवत कापायची जबाबदारी समोरच्या घरमालकाची. दोघांनाही विचारा. पालिकेने हो म्हटलं तरी घरमालकाचं दार वाजवाच. नाहीतर पोलिसांना फोन तोच करतो.

खणण्याआधी ८११ ला, म्हणजे जमिनीखालच्या तारा-नळ्या दाखवून देणाऱ्या सेवेला, फोन करा. सेवा मोफत आहे, पण कामाचे दोन-तीन दिवस हाताशी ठेवा. ते येऊन जमिनीवर रंगाने खुणा करतात: लाल म्हणजे वीज, पिवळा गॅस, नारिंगी टेलिफोन-केबल, निळा पिण्याचं पाणी, हिरवा सांडपाणी. पण घरमालकाने स्वतः टाकलेली स्प्रिंकलरची नळी किंवा कुत्र्यासाठीच्या अदृश्य कुंपणाची तार ते दाखवत नाहीत. त्याबद्दल मालकालाच विचारा. कुंपणाची ती तार दोन-तीन इंचांवरच असते आणि चाकूने सहज तुटते.

७. आमच्या गल्लीत फुटपाथ उखडलाय. आज संध्याकाळी जाऊ का?

ठेकेदार किंवा पालिका हो म्हणाली तर आजच जा, उद्या खडी पडेल. अशी संधी जेमतेम एक-दोन दिवसांची असते, आणि तिच्यापुढे बाकी सगळ्या जागा फिक्या आहेत. लादी ओतली त्या दिवसापासून खालची माती कोणी पाहिलेली नसते.

उखडलेल्या तुकड्यांवर नजर टाका. बऱ्याच गावांत ठेकेदार ओल्या काँक्रीटवर आपलं नाव आणि साल उमटवत. शिक्का १९२८ चा असेल तर खालचं नाणं १९२८ किंवा त्याआधीचं: बार्बर, मर्क्युरी, स्टँडिंग लिबर्टी. नाणी वर, दोन ते चार इंचांतच असतात, कारण लादीखाली गवत कुजून माती चढत नाही.

फसतं ते असं: तुकड्यांतली लोखंडी जाळी आणि सळ्यांचे टोकदार अवशेष मशीनला वेड लावतात. तुकडे जिथे ढीग केलेत त्यापासून मीटरभर लांब राहा आणि संवेदनशीलता दोन-तीन पायऱ्या उतरवा. यंत्रं चालू असताना जाऊ नका. काम थांबल्यावर, जाड तळाचे बूट घालून जा. खड्डा होता तसा बुजवा, नाहीतर पुढच्या वेळी तोच ठेकेदार नाही म्हणेल.

८. कचरा इतका की मशीन सारखं ओरडतं. शोधायचं तरी कसं?

आधी घरी एक प्रयोग करा. लाकडी फळीवर डाइम ठेवा (आताची चालेल), दोन इंचांवर एक गंजका खिळा ठेवा आणि मोठी, ११ इंची कॉइल (मशीनच्या टोकाची, जमिनीवरून फिरवायची तबकडी) नेहमीच्या वेगाने फिरवा. डाइम बऱ्याचदा ऐकूच येत नाही. आता ६ इंची कॉइल लावा, वेग निम्मा करा. खिळ्याच्या घुरघुरीतून मध्येच एक छोटा, उंच ‘टिक’ फुटतो. प्रत्यक्ष जागेवर तुम्हाला तोच टिक शोधायचा आहे. तो कानाला ओळखीचा होईपर्यंत फळी सोडू नका.

जागेवर: लहान कॉइल, एका फेरीला तीन-चार सेकंद, पुढची फेरी मागच्या फेरीवर निम्मी चढवलेली. लोखंड पूर्ण गप्प करू नका. डिस्क्रिमिनेशन (नको त्या धातूचा आवाज गाळायची सोय) वाढवलं की मशीन खिळ्याबरोबर शेजारचं नाणंही गिळतं. लोखंडाचा आवाज बारीक ठेवा, बंद नको. एक तुकडा उत्तर-दक्षिण झाला की तोच पूर्व-पश्चिम करा. उभं, कडेवर पडलेलं नाणं एका दिशेने नीट बोलतं आणि दुसऱ्या दिशेने जवळजवळ मुकं असतं.

पट्टीवर डोक्यावरून विजेच्या तारा जातात. काहीही न हलवता मशीन बडबडलं तर दोष जमिनीचा नाही. नॉइज कॅन्सल (बाहेरच्या विजेचा गोंगाट टाळायची सोय) करा, तरी थांबलं नाही तर संवेदनशीलता उतरवा. खोली थोडी कमी मिळेल, पण जे ऐकू येईल ते खरं असेल.

९. स्क्रीनवर कुठला आकडा आला की चांदी समजायची?

खाली कुठला धातू असावा याच्या अंदाजासाठी मशीन हा आकडा दाखवतं, आणि तो मशीनच्या मोजपट्टीवर अवलंबून असतो. ९९ पर्यंत मोजणाऱ्या गॅरेट कंपनीच्या मशीनवर जस्ताची पेनी (एक सेंट) सत्तरीच्या मध्याला, डाइम ८० च्या पुढेमागे, क्वार्टर पंच्याऐंशीच्या आसपास, मोठी चांदी नव्वदीत. ४० पर्यंत मोजणाऱ्या मिनेलॅब इक्विनॉक्स ६००-८०० वर जस्ताची पेनी १९ ते २१, चांदीची डाइम २६-२७, चांदीचा क्वार्टर ३० च्या वर. तांब्याची जुनी पेनी डाइमला इतकी चिकटून येते की वेगळी काढता येत नाही, दोन्ही खणा.

चांदी असूनही आकडा खाली येतो अशा तीन गोष्टी लक्षात ठेवा:

युद्धकाळातलं निकेल (१९४२ ते १९४५): ३५ टक्के चांदी, ५६ टक्के तांबं, ९ टक्के मँगनीज. आकडा कॅनच्या कड्यांच्या गर्दीत पडतो. मातीतून ते काळपट, कधी भेगाळलेलं निघतं. खूण एकच: मागे माँटिसेलो इमारतीच्या वर टांकसाळीचं मोठं पी, डी किंवा एस अक्षर.

तीन सेंटचं चांदीचं नाणं (१८५१ ते १८७३): जेमतेम १४ मिमी आणि पाऊण ग्रॅमच्या आसपास, नखाएवढं. मशीनला ते फॉइल वाटतं.

हाफ डाइम (१८७३ पर्यंत): हेही पातळ, आकडा डाइमच्या बराच खाली.

म्हणून जिथे नकाशा १८७० च्या आधीची वस्ती दाखवतो तिथे छोटे आकडेही खणावे लागतात. १९४० च्या वसाहतीत तेवढी मेहनत घेऊ नका.

१०. उंच आकडा, गोड आवाज, आणि निघाला कॅन. हे टाळता येतं?

बऱ्यापैकी. आवाज आला की कॉइल हळूहळू वर उचला. नाण्याचा आवाज काही इंचांत विरतो. फूटभर वर नेऊनही तो तसाच दणदणीत असेल तर खाली मोठी वस्तू आहे. मग पिनपॉइंट मोडमध्ये (वस्तूची नेमकी जागा दाखवणाऱ्या सेटिंगमध्ये) आकार बघा: नाणं एका बिंदूत सापडतं, कॅन तळहाताएवढी जागा अडवतो. दारूच्या बाटलीचं ॲल्युमिनियमचं फिरकीचं झाकण मात्र हुबेहूब नाण्यासारखं वागतं. ते खणावंच लागतं, इलाज नाही.

११. जुनं नाणं खोल असतं ना? मग वरवरचे आवाज सोडून देऊ?

सोडू नका. गांडुळं माती वर आणतात, पानं कुजतात, आणि नाणं हळूहळू खाली जातं, इथवर खरं. पण माती खरवडलेली असेल, उतारावरून वाहून गेली असेल किंवा झाडाचं मूळ वर आलं असेल तर १९१० ची बार्बर डाइम दोन इंचांवर असते. उलट भराव टाकलेल्या जागी १९६० चा क्वार्टर मशीनच्या आवाक्याबाहेर जातो. त्या जागेची खोली एकदा ठरवून घ्या: पहिल्या पाच-सहा पेनींची सालं आणि खोली वहीत लिहा. १९५० ची गव्हाची कणसं असलेली पेनी चार इंचांवर निघाली तर चांदी तिच्याच आगेमागे असणार.

१२. लॉनला इजा न होता खणायचं कसं?

पाऊस पडून एक-दोन दिवस झाले की सर्वांत बरं. माती चाकूला सोडते आणि ओल्या मातीत आवाजही जास्त स्वच्छ येतो. कडक उन्हाळ्यात, गवत पिवळं पडलेलं असताना लॉनवर जाऊच नका. मुळं तुटली की आठवड्यात तपकिरी ठिपके उठतात आणि परवानगी कायमची जाते.

आधी पिनपॉइंटरने (हातात धरायच्या छोट्या डिटेक्टरने) जागा पक्की करा. मग चाकूने घोड्याच्या नालेच्या आकाराचा, साधारण सहा इंच रुंद आणि चार इंच खोल काप घ्या. एक बाजू न कापता बिजागरीसारखी ठेवा. चाकू लक्ष्यापासून किमान तीन इंच लांबून घाला. नाण्यावर ओरखडा पडतो तो नेहमी घाईघाईच्या पहिल्या घावात. झाकण उलटा, सुटी माती टॉवेलवर ठेवा, पिनपॉइंटर आधी झाकणाच्या मुळांत आणि मग खड्ड्यात फिरवा. काळ्या मातीत पातळ पांढरी कड चमकली की हात थांबवा. बोटाने चोळायची इच्छा होते तीच चूक, का ते प्रश्न १३ मध्ये आहे. खड्ड्यात पुन्हा एकदा कॉइल फिरवा, कारण खिशातून नाणी पडली तर एकेकटी पडतातच असं नाही. माती परत, झाकण परत, पायाने दाबा, बाटलीभर पाणी.

१३. नाणं घरी आणलं. साफ करू ना?

चिंच, रांगोळी, टूथपेस्ट, देवाच्या भांड्यांची पावडर: यातलं काहीही नको. मातीतले वाळूचे कण चांदीपेक्षा कठीण असतात. एकदा चोळलं की बारीक रेघा कायमच्या आणि संग्राहकाच्या लेखी किंमत निम्म्याच्याही खाली. डिस्टिल्ड पाण्यात एक-दोन दिवस बुडवून ठेवा, पाणी बदला, मऊ कापडावर टेकवून सुकवा. पुसू नका, टेकवा. मऊ पीव्हीसीच्या पाकिटात ठेवू नका, त्याचा हिरवा चिकट थर नाण्यावर बसतो.

काळं पडलेलं साधं नाणं (ज्याची किंमत फक्त चांदीची) चकचकीत करायचंच असेल तर ॲल्युमिनियम फॉइलवर ठेवून गरम पाणी आणि खायचा सोडा टाका. काळा थर मिनिटांत जातो. पण आधी प्रश्न १४ वाचून साल आणि अक्षर तपासा.

१४. किंमत किती येईल?

चांदीची किंमत सरळ गुणाकाराने निघते. डाइममध्ये ०.०७२३ ट्रॉय औंस (सोन्या-चांदीचं माप, सुमारे ३१.१ ग्रॅम) चांदी, क्वार्टरमध्ये ०.१८०८, हाफमध्ये ०.३६१७. हिशेबापुरता औंसाला ३० डॉलर धरला तर डाइमचे सुमारे २.१७, क्वार्टरचे ५.४२, हाफचे १०.८५. त्या दिवसाचा भाव घालून पुन्हा गुणा. दुकानदार आपला हिस्सा कापूनच देईल.

त्यापुढची किंमत साल आणि टांकसाळीच्या अक्षरावर ठरते. मर्क्युरी डाइमच्या मागे, खालच्या डाव्या बाजूला, अक्षर शोधा: १९१६ चं डी असेल तर घाईने कुणाला देऊ नका, ती फक्त २,६४,००० पाडली होती. वॉशिंग्टन क्वार्टरमध्ये १९३२ डी आणि १९३२ एस, अक्षर मागे गरुडाखाली. स्टँडिंग लिबर्टीवर सालच दिसत नसेल तर दचकू नका: १९२५ च्या आधी साल उंचवट्यावर होतं आणि पहिलं तेच झिजायचं. पूर्वेकडच्या जुन्या शेतात दोन खांब आणि ढाल असलेलं, झिजलेलं किंवा पाचरीसारखं कापलेलं नाणं निघालं तर ते स्पॅनिश रेआल. अमेरिकेत ते १८५७ पर्यंत कायदेशीर चलन होतं.

आयकर? सापडलेली वस्तू हे सापडल्या वर्षाचं उत्पन्न मानलं जातं. ओहायोत १५ डॉलरला घेतलेल्या जुन्या पियानोत ४,४६७ डॉलर निघाले, त्यावर १९६९ मध्ये न्यायालयाने हाच निकाल दिला.

१५. डिटेक्टर गावी नेऊन वाड्याच्या परसात फिरवला तर? आजोबांच्या काळचे रुपये पुरलेत म्हणतात.

जमीन स्वतःची असली तरी इथला नियम तिथे चालत नाही. १८७८ च्या भारतीय निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दडलेली दहा रुपयांपेक्षा जास्त मोलाची वस्तू सापडली की जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं: काय सापडलं, कुठे, कोणत्या तारखेला. लपवलं तर कैद किंवा दंड किंवा दोन्ही. चांदीचा एक रुपया (११.६६ ग्रॅम, १९३९ पर्यंत ९१.७ टक्के चांदी, १९४० ते ४५ चा ५० टक्के) ही मर्यादा सहज ओलांडतो. किल्ला, लेणं, संरक्षित स्मारक यांच्या जवळपासही यंत्र काढू नका.

आणि सापडलेलं बॅगेत घालून परत आणणं हा वेगळा गुन्हा. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने शंभर वर्षांवरची नाणी खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाहीत. पंचम जॉर्जचे सुरुवातीचे रुपये आता या वयात बसतात. आजीने हातात ठेवलेला रुपयासुद्धा सामानात टाकण्याआधी त्यावरचं साल वाचा.